बोलू लागलेली मुलगी अचानक गप्प का होते? रेट सिंड्रोमची लक्षणे ओळखा

मुलगी वर्षाची होईपर्यंत सगळे ठीक असते. बसते, 'बाबा' म्हणते, बिस्किटाचा तुकडा चिमटीत धरून तोंडात टाकते. मग तो तुकडा हातातून निसटू लागतो. आलेले शब्द जातात. घरातले म्हणतात, 'दात येताहेत', 'दृष्ट लागली', 'बोलेल उशिरा, तिचा काकाही असाच होता'. यात महिने निघून जातात.

उशिरा बोलणे वेगळे आणि आलेले बोलणे जाणे वेगळे. दुसऱ्या बाबतीत वाट पाहण्यात अर्थ नाही. रेट सिंड्रोम या दुर्मीळ आजारात नेमके हेच घडते. साधारण 10 हजार मुलींमागे एकीला तो होतो. मुलांमध्ये तो फारच क्वचित आढळतो.

हातांकडे पाहा

बहुतेकींमध्ये 6 ते 18 महिन्यांच्या वयात विकास मंदावतो. डोक्याची वाढही संथ होते. ते वजनकाट्यावर कळत नाही, टेपने घेर मोजावा लागतो. ठळक खूण हातांची. जागेपणी मुलगी हात सतत चोळते, पिळते, धुतल्यासारखे करते. झोपेत हे थांबते. चाल अडखळते, मध्येच श्वास रोखला जातो, दात खाल्ले जातात. अनेकींना फिट येतात, पुढे पाठीचा कणा वाकतो. सुरुवातीला हा ऑटिझम वाटू शकतो. मात्र पुढे यातल्या अनेक मुली नजरेने बरेच काही सांगतात.

व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांनाही हातांवरूनच शंका आली होती. त्यांच्या प्रतीक्षागृहात दोन मुली सारखेच हात पिळत बसल्या होत्या. त्यांनी 1966 मध्ये जर्मनमध्ये लिहिले, पण जगाचे लक्ष गेले ते 1983 मध्ये, इंग्रजी शोधनिबंध आल्यावर!

दोष कोणाचा?

कारण 1999 मध्ये सापडले: एक्स गुणसूत्रावरील 'एमईसीपी2' जनुकातील बिघाड. तो बहुतांश वेळा नव्यानेच होतो, तोही बहुधा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर. आपल्याकडे बोट मात्र आईकडे दाखवले जाते. गरोदरपणातले ग्रहण, खाणेपिणे काढले जाते. त्याचा या आजाराशी काडीचा संबंध नाही.

आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. अमेरिकेत 2023 मध्ये ट्रोफिनेटाइडला मंजुरी मिळाली, त्याने काही लक्षणे सौम्य होतात. फिजिओथेरपी, फिटवरील औषधे, नजरेने चालणारी संवादसाधने यांचा आधार मोठा असतो.

शंका आल्यास हातांच्या हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा; तपासणीच्या पाच मिनिटांत मूल तसे करेलच असे नाही. निदान लक्षणांवरून होते, रक्ताच्या जनुकीय चाचणीने त्याला दुजोरा मिळतो. सरकारी यंत्रणेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांची तपासणी होते. अंगणवाडीतूनही तिथे पाठवता येते.