काळजी करणें व काळजी घेणें

मराठी भाषेनें ‘काळजी’ या एकाच शब्दाकडून दोन निराळीं कामें करवून घेतलीं आहेत. काळजी ‘केली’ म्हणजे आपला जीव झुरतो. काळजी ‘घेतली’ म्हणजे दुसऱ्याचा जीव सांभाळला जातो. घरांत कोणी दुखण्यांतून उठत असलें म्हणजे या दोहोंची हटकून गल्लत होते, आणि जो अधिक झुरतो तोच अधिक मायाळू, असा सर्वांचा समज होऊन बसतो.

आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या व खुब्यापाशीं त्यांचें हाड मोडलें. वय ७८. आंत सळई बसविण्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली; दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांनीं त्यांस वॉकर देऊन उभें केलें. घरीं आल्यावर मात्र निराळाच प्रकार सुरू झाला. मातोश्रींनीं पाय खालीं सोडला कीं चिरंजीव धांवत येत, “आई, थांब, पडशील!” रात्रीं दोनदां-तीनदां तिला जागें करून विचारीत, “दुखतंय का ग?” पंधरवड्यानें त्या उठावयासच भिऊं लागल्या. हाड जुळत होतें, धीर खचत होता.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण हवेत. त्यांत चिंतेला कोठें जागा नाहीं. रोग्याच्या गुणांत मात्र स्मृति, वैद्याची आज्ञा पाळणें व आपलें दुखणें नीट सांगतां येणें यांच्या जोडीला ‘अभीरुत्व’ गणलें आहे. अभीरुत्व म्हणजे निर्भयपणा. हा गुण परिचारकानेंच हिरावून घेतला तर चारांपैकीं एक पाद लंगडा झालाच.

हाडाचें काम हाडाला येतें. मोडल्या जागीं प्रथम रक्त साखळतें. कांहीं आठवड्यांत तेथें कूर्चेसारखा मऊ जोड धरतो. मग त्यांत चुना भरून तो कठीण होतो, आणि पुढें कित्येक महिने त्याची घडण चालूंच राहते. शल्यवैद्य तुकडे जुळवून देतो. सांधणें त्याच्याही हातीं नाहीं. सुश्रुतानें सांगून ठेविलें आहे कीं, बाल्यांत एक महिना लागेल तर मध्यम वयांत दुप्पट व उतारवयांत तिप्पट काळ धरावा. त्याला क्ष-किरण ठाऊक नव्हते, पण रोज उठून हाडाला जाब विचारावयाचा नसतो, हें ठाऊक होतें. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते, हें यूलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्यानें १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. अर्थात् भार किती द्यावयाचा हें डॉक्टरांनीं सांगावें. पण त्यांनीं चाला म्हटल्यावर चालणें हें औषधच होय. निजून राहिल्यानें स्नायु झडतात, पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची भीति असते, पाठीला जखमा होतात, छातींत कफ सांचतो. आईला जपून निजवून ठेवणारा मुलगा तिला या संकटांच्या तोंडीं देतो, आणि तें केवळ प्रेमापोटीं, हीच खरी अडचण!

त्या घरचा तिढा सूनबाईंनीं सोडविला. सायंकाळीं त्या यजमानांस भाजी आणावयास पिटाळीत आणि सासूबाईंस म्हणत, “निरांजन आजपासून तुम्हीच लावा.” स्वतः मागें हातभर अंतरावर उभ्या राहत; धरीत मात्र नसत. आम्हांला विश्वास म्हणतात तो हाच वाटतो.

हा विश्वास डोळे मिटून ठेवावयाचा नव्हे. न्हाणीघरांत धरावयास दांडी बसवावी, ओली फरशी पुसून घ्यावी, वाटेंतल्या सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या, रात्रीं दिवा असावा. ताप आला, पोटरी सुजून दुखूं लागली, जखम वाहूं लागली किंवा एकाएकीं धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न करितां डॉक्टरांस गांठावें. हें सर्व केल्यावर उरलेली काळजी रोग्याच्या कानीं घालण्याचें कारण नाहीं. समाचारास येणारी मंडळी मात्र तीच नेमकी घेऊन येतात. अमक्याच्या आत्याबाई अशाच पडल्या त्या पुन्हा उठल्याच नाहींत, ही कथा त्यांस तोंडपाठ असते. अशांस बाहेरच्या खोलींतच चहा द्यावा.