प्रकाशाची पाटी

२००७ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात काही कलावंतांनी लेसरचा ठिपका फिरवून उंच इमारतीवर प्रकाशाची अक्षरे उमटवली. कॅमेरा ठिपका टिपतो, संगणक त्याची जागा ओळखतो, प्रक्षेपक तेथे रेघ काढतो. हे काम आता तळहाताएवढा संगणकही करतो. २०१२ साली निघालेला ‘रास्पबेरी पाय’ अवघ्या ३५ डॉलरचा होता. त्याला ५ व्होल्टची वीज पुरते. प्रक्षेपक शाळेचा असला की झाले!

म्हणून आमचे मत असे, की शाळांनी तयार यंत्र आणू नये. मुलांनाच ते जुळवू द्यावे. लेसर डोळ्यांना घातक, त्याऐवजी साधी विजेरी घ्या. रेघ हातामागे रेंगाळली, तर कारण शोधा. तयार यंत्र हे शिकवणार नाही.