फुलीच्या खुणेबरोबर परतीची वाटही छापा



बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीची खूण लागते. शिसे किंवा कॅडमियम ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर त्याचे रासायनिक चिन्हही लागते. नियम योग्यच आहे. पण ही खूण 'इथे टाकू नका' एवढेच सांगते. मग द्यायचे कुठे, हे ना सेलवर लिहिलेले असते, ना दुकानदाराला ठाऊक असते. त्यामुळे रिमोटमधले सेल सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीतच जातात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे तसे होत नाही. तिच्यातल्या शिशाला भाव येतो, म्हणून दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि नवीच्या किमतीत सूट देतो. (ती पुढे अधिकृत कारखान्यात जाते की उघड्या भट्टीवर, हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न.) छोट्या सेलला मात्र भंगारवालाही हात लावत नाही. लेबलची खरी गरज तिथेच आहे.

वजनकाट्यातला किंवा गाडीच्या चावीतला नाण्याएवढा चपटा सेल पाहा. त्यावर 'सीआर २०३२' असे कोरलेले असते. 'सी' लिथियमचा, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तिथे 'एलआर' असेल तर सेल अल्कलाइन. हे जाणकाराला कळेल. कचरा निवडणाऱ्या ताईंना कसे कळणार? लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकते, आणि त्या आगीच्या सर्वांत जवळ कचरा हाताळणारी हीच माणसे असतात.

२०२५च्या दुरुस्तीने तर उत्पादकाचा नोंदणी क्रमांक क्यूआर कोडमध्ये, वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात छापण्याचीही मुभा दिली. वेष्टन पहिल्याच दिवशी फेकले जाते. सेल संपतो कित्येक महिन्यांनी. तेव्हा हा क्रमांक शोधायचा कुठे?

सेलवर जागा थोडी असते, हे मान्य. पण 'लिथियम' हा एक शब्द ठळक, वेगळ्या रंगात बसतो. 'संपल्यावर विक्रेत्याकडे परत द्या, टोकांना चिकटपट्टी लावा' हे पाकिटावर मराठीसह स्थानिक भाषांत छापता येते. अर्थात विक्रेत्याने घ्यायला नकार दिला तर ती ओळ फुकट. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमावलीत, ज्या प्रकारच्या बॅटऱ्या विक्रेता विकतो त्या जुन्या झाल्यावर विनामूल्य परत घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे, ग्राहकाने नवी घेतली नाही तरीही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पुढच्या दुरुस्तीत लेबल आणि ही परतीची सक्ती, दोन्ही एकत्र आणावीत.

– एक वाचक, ठाणे