रिकामे यंत्र आणि विजेचे बिल

इंजिन बराच वेळ उभे राहणार असेल तर ब्लोअर बंद करा, अशी ताकीद चरोडा यार्डातील आमच्या ड्रायव्हर बंधूंना असते. थ्री-फेज इंजिनाच्या मीटरवरचे युनिट फेरीच्या आरंभी व शेवटी नोंदवावे लागतात. जास्त भरले तर विचारणा होते. याला आमचा विरोध नाही. वीज कोळशातून येते आणि तो कोळसा आम्हीच वाहतो.

पण हाच हिशेब संगणकाच्या यार्डाला का नको? रेल्वेचे आरक्षण असो की टपाल खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर लागू केलेली नवी प्रणाली, सारे डेटा सेंटरवर चालते. तेथील यंत्रांना जोडणारे 'स्विच' म्हणजे यार्डातले काटेच. कोणती माहिती कोणत्या लाइनीने जायची ते यांच्यावर ठरते. खोड एवढीच, की मध्यरात्री वाहतूक रोडावली तरी हे स्विच जवळजवळ गर्दीच्या वेळेइतकीच वीज खातात. वर त्यांना थंड ठेवण्याची वीज वेगळी.

यावर तोड आहे. कमी वाहतूक मोजक्या लाइनींवर घ्यायची आणि बाकीचे स्विच बंद ठेवायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवले, की अशाने नेटवर्कची वीज निम्म्यापर्यंत वाचू शकते. रिकाम्या लाइनीला झोपवण्याचे इथरनेटचे प्रमाणही त्याच वर्षी ठरले. अचानक गर्दी झाली तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी काही लाइनी राखीव ठेवाव्याच लागतील. पण सकाळी १० वाजता तत्काळ आरक्षण उघडते हे कोणाला ठाऊक नाही? ज्याला टाइमटेबल कळते त्याला हे अवघड नाही.

२०२४ मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. आपल्या शेजारी नवा रायपूरला मे २०२५ मध्ये मोठ्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. भिलाईत २०२४ मध्ये २८० कोटींच्या ५० मेगावॉट सौर प्रकल्पाचे उद्घाटन झाले, त्याचे आम्ही स्वागतच केले. पण सूर्य रात्रपाळी करत नाही, स्विच मात्र करतात.

तेव्हा आमची मागणी अशी: रेल्वे व टपाल खात्याचे काम जेथून चालते, त्या प्रत्येक डेटा सेंटरचे युनिट दरमहा जाहीर करावेत, नेटवर्कचे वेगळे दाखवून. आणि बचतीच्या नावाखाली तेथील एकाही कंत्राटी वायरमनला वा एसी मेकॅनिकला घरी पाठवू नये. बंद करायचे आहेत ते रिकामे स्विच.