ट्रॅक्टर आपला, ट्रॉली दुसऱ्याची



दसरा जवळ आला की कीड-रोगाच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न माझ्या टेबलाशी येतो. "साहेब, ट्रॅक्टर घेऊन उसाच्या वाहतुकीला लावू का?" यंदा तो प्रश्न चोविशीतला एक मुलगा घेऊन आला. घरची तीन एकर जमीन, त्यात एक एकर ऊस. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून त्याने दोन हंगाम काढलेले. सोबत आई होती. जमीन तिच्या नावावर, म्हणजे कर्जाच्या कागदावर सही तिचीच. मुलगा भराभरा बोलत होता आणि आई नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. जमीन राहील की जाईल, एवढेच तिला कळून घ्यायचे होते.

मी मुलाला विचारले, "ट्रॉल्या कुणाच्या?"

"गावातल्या एका वाहतूकदाराच्या, साहेब. दोन ट्रॉल्या नुसत्या उभ्या आहेत त्याच्या. टोळी बी त्याचीच. मी फक्त ट्रॅक्टर लावायचा. पण मित्र म्हणतात, दुसऱ्याच्या ट्रॉल्या कशाला ओढतोस? स्वतःच करार कर, कारखाना उचल देतो."

मंडळी, हे दोन रस्ते नीट समजून घ्या. स्वतः करार केला की कारखाना जामीनदार घेतो आणि हप्त्याहप्त्याने उचल देतो. ती उचल आपल्या खर्चाला नसते. ती मुकादमाला द्यायची आणि त्याने कोयत्यांना वाटायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दहा कोयत्यांची टोळी धरली तरी रक्कम लाखांत जाते. टोळी आली तर ऊस तुटतो आणि उचल फिटते. नाही आली तर कारखाना मुकादमाला ओळखत नाही. वसुली करार करणाऱ्याकडून होते. सगळ्याच टोळ्या बुडव्या नसतात. थंडीत पहाटे उठून फडात उतरणाऱ्या त्या माणसांचे कष्ट मी पाहिले आहेत. पण एकच मुकादम दोघांची उचल घेतो आणि एकाच्याच फडावर जातो, असेही घडते. नवख्या माणसाने ट्रॅक्टरचे कर्ज आणि टोळीची उचल ही दोन ओझी एका हंगामात उचलू नयेत. म्हणून पहिले वर्ष दुसऱ्याच्या ट्रॉल्या ओढण्यात कमीपणा मानू नका.

मग आम्ही हिशोबाला बसलो. खालचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या भागातले दर आणि अंतर तुम्ही घालून बघा.

समजा फड कारखान्यापासून 25 किलोमीटरवर आहे, एका फेरीला 16 टन ऊस जातो आणि वाहतुकीचे टनाला 250 रुपये हाती येतात. म्हणजे फेरीला 4,000 रुपये झाले. हंगाम 120 दिवसांचा धरला, तर पाऊस, बिघाड, टोळीची सुट्टी, कारखान्याची बंदी यांत 30 दिवस जातात. कामाचे 90 दिवस उरतात. रोज एक फेरी म्हणजे 90 फेऱ्या, मिळकत 3,60,000. त्यातून डिझेल फेरीला 1,400 प्रमाणे 1,26,000, ट्रॉल्यांचे भाडे 60,000, टायर, ऑईल, दुरुस्ती आणि विमा मिळून 45,000. शिल्लक 1,29,000. नव्या ट्रॅक्टरचा वर्षाचा हप्ता 1,80,000 धरला, तर 51,000 रुपयांची तूट येते. स्वतःची मजुरी यात धरलेलीच नाही.

मुलगा म्हणाला, "पण साहेब, दोन दिवसांत तीन फेऱ्या होतात की."

तसेही करून पाहिले. 135 फेऱ्यांचे 5,40,000 होतात. डिझेल 1,89,000, भाडे तेवढेच, दुरुस्ती-विमा 55,000. हप्ता भरून 56,000 उरतात. ट्रॅक्टर तोच आणि माणूसही तोच. फरक फक्त फेऱ्यांचा. आणि फेऱ्या आपल्या हातात नसतात. टोळीने भरणी लवकर दिली आणि कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लवकर लागला, तरच त्या वाढतात. वाहनांची रांग लागली की ट्रॅक्टर उभा राहतो, हप्ता मात्र थांबत नाही.

आई पहिल्यांदा बोलली. "म्हणजे जमीन राहायची का नाही, ते रांगेवर हाय म्हणा."

मी म्हणालो, "नाही ताई. हप्ता किती ठेवायचा ते आपल्या हातात आहे. तो चांगल्या हंगामाच्या मापाने ठेवू नका, वाईट हंगामाच्या मापाने ठेवा."

यंदाची माझी सगळी सांगी या एका वाक्यात आली. मुलाला इंजिनाचे कळते. त्याने पारखून जुना ट्रॅक्टर घेतला आणि हप्ता वर्षाला 1,00,000 वर आणला, तर दुरुस्तीला 20,000 जास्त जाऊनही 90 फेऱ्यांत तूट येत नाही. हंगामानंतरची नांगरट आणि रोटाव्हेटरचे काम ही त्याची मजुरी.

आता दुसऱ्याच्या ट्रॉलीविषयी. भाडे ठरवण्याआधी ती रिकामी ओढून बघा. हूक आणि पिन झिजली आहे का, सांगाड्याला तडा आहे का, चाकाचे बेअरिंग आवाज करते का, हे पाहा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा चालू असल्याचे कागद डोळ्यांनी पाहा. शेतीकामासाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढताना अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. म्हणून आपला उपयोग विमा काढतानाच खरा सांगा आणि आपल्या लायसन्सवर तेवढे बसते का, ते आर.टी.ओ.त विचारून घ्या.

वाहतूकदाराशी चार गोष्टी कागदावर घ्या. टनाला दर किती आणि डिझेल कुणाचे? पैसे कारखान्याच्या पंधरवड्याच्या बिलाबरोबर मिळणार की हंगामाच्या शेवटी? ट्रॉलीचा टायर फुटला तर खर्च कुणाचा? टोळी निघून गेली तर भाडे थांबणार की चालू राहणार? तोंडी बोलीवर दिवाळीपर्यंत गोडी असते, मार्चमध्ये भांडण.

आणि रस्त्याचे. दोन भरलेल्या ट्रॉल्यांचा भार मागून ढकलत येतो आणि त्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. उतारावर न्यूट्रल करू नका. फेरी वाचवायला ट्रॉली शीग लावून भरू नका. चढाला पुढची चाके उचलली की स्टिअरिंग कामाचे राहत नाही. मागे लाल, बाजूंना पिवळे आणि पुढे पांढरे रिफ्लेक्टर लावा आणि त्यांवरचा चिखल रोज पुसा. अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते, तेव्हा कुणाच्या तरी घरचा कर्ता जातो. ट्रॉली दुसऱ्याची होती, हे तिथे सांगून उपयोग नसतो.

शेवटचे एक. ऊसवाल्या शेतकऱ्याकडे एन्ट्री किंवा खुशाली मागू नका. आपणही ऊसवालेच आहोत.

उठताना मुलगा थोडा हिरमुसला होता. नव्या ट्रॅक्टरला हार घालायचे त्याच्या मनात होते. आईने मात्र हिशोबाचा कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. म्हणाली, "साहेब, मी सातवी शिकलेय. फेऱ्यांची वही मीच लिहीन. काट्याची पावती रोज माझ्या हातात आली पायजे."

मी मुलाला म्हटले, "बाळ, जामीनदार शोधत हिंडायची गरज नाही. तुझा खरा जामीनदार घरातच आहे."

बरंय मंडळी. फडात आग लावून तोडणी करू नका, पाचट राखा आणि रात्रीचे सांभाळून चालवा.

— तुमचा विस्तार अधिकारी