तातडी कशाला म्हणायचे?

पंचगंगेचे पाणी घरात शिरत असताना बोटींसाठी निविदा काढा आणि पंधरा दिवस थांबा, असे कोणी म्हणणार नाही. कायदाही तसे म्हणत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 50 नुसार जिल्हा प्राधिकरण बचाव व मदतकार्यासाठी तातडीच्या खरेदीला परवानगी देऊ शकते. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. अशा वेळी निविदेची अट माफ होते. मला ही तरतूद रास्त वाटते.

पण माफ होते ती निविदा, हिशेब नव्हे. माल कुठे वापरला याचे अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हाच हिशेबाचा पुरावा, असे तेच कलम सांगते. कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या कोविड साहित्य खरेदीवर लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, घोटाळ्याचे आरोप झाले. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण महामारी खरी होती म्हणून त्या काळातले प्रत्येक बिल खरे ठरत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळे होती. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चौकशीच्या भीतीने फाईल दाबून बसणारा अधिकारी प्रामाणिक असेलही, पण रुग्णाला त्याचा काय उपयोग?

मग तातडी ओळखायची कशी? माझ्या मते पहिला प्रश्न हा, की ही गरज आधी दिसत होती का? कोल्हापुरात 2005, 2019 आणि 2021 मध्ये महापूर आला. पावसाळा दरवर्षी जूनमध्येच येतो. मार्चमध्ये घ्यायच्या बोटी ऑगस्टमध्ये चढ्या दराने घेणे ही तातडी नव्हे, दिरंगाई आहे. आणि ती कोणाची, हे विचारलेच पाहिजे. अर्थात, पूरग्रस्ताला त्या दिरंगाईची शिक्षा नको. बोट आणाच, पण जबाबदारीही निश्चित करा.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. आठवड्याची गरज असताना वर्षाचा साठा विनानिविदा का घ्यायचा? तिसरा नोंदीचा. कारण, दर आणि पुरवठादार त्याच दिवशी लिहून ठेवा आणि संकट ओसरताच लोकांसमोर मांडा.

सार्वजनिक पैसा ही लोकांची अमानत आहे. घाईत दिलेल्या पैशाचा हिशेब निवांतपणी तरी द्यावाच लागतो.