गाणगापूरची वाट आणि विजेची गाडी

गाणगापूरची वारी गोमंतकाला आणि तळकोकणाला नवी नाही. भीमा-अमरजा संगमावर स्नान करून निर्गुण पादुकांच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्यांत आता एखादी विजेवर चालणारीही दिसते. तिला कलबुर्गी-बिदरच्या मुलखात वीज भरून मिळण्याची सोय हवी, याबद्दल दुमत नाही. कर्नाटकाने २०१७ सालीच, इतर राज्यांच्या आधी, विद्युत वाहनांचे धोरण जाहीर केले. केंद्राने २०२४ साली पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी दोन हजार कोटी रुपये राखून ठेवले. तेव्हा केंद्रे होणारच. ती कोठे आणि कोणत्या विजेवर, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

देशात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी सुमारे सात दशांश किलो कर्बवायू हवेत जातो. विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला तीनेक युनिटे लागतात, म्हणजे दोन किलो वायू. पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतरात त्याच्या दुपटीहून अधिक सोडते. लाभ आहे, आणि तो नाकारणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु उरलेले दोन किलो कलबुर्गीच्या बाजारात दिसत नाहीत म्हणून नाहीसे होत नाहीत. त्याच विभागात, रायचूर जिल्ह्यातील शक्तिनगर येथे, १७२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र कोळसा जाळीत आहे, आणि त्याची राख कृष्णाकाठच्या गावांनाच सोसावी लागते. रात्री गाडीला वीज भरली तर ती बहुतांशी अशी. दुपारी भरली तर पावगड्यासारख्या सौर प्रकल्पांची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांनी सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत चार्जिंग केंद्रांना वीज स्वस्त देण्याचे सुचविले आहे, ते याचसाठी.

बिदरचा प्रश्न मात्र निराळाच आहे. हे शहर आपल्याकडच्यासारख्याच जांभ्याच्या पठारावर वसले आहे. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र दगडातून झिरपून खालच्या काळ्या पाषाणापाशी थबकते. बहामनी काळात इराणी पद्धतीने जमिनीखाली बोगदे खणून, मंद उतारावरून, कोणत्याही यंत्राविना ते पाणी वस्तीपर्यंत आणले गेले. यालाच करेझ किंवा सुरंग बावी म्हणतात. नौबादची करेझ त्यांपैकी प्रसिद्ध आहे. तिच्या हवेच्या उभ्या विहिरींपैकी काही बांधकामाखाली गाडल्या गेल्या. दशकभरापूर्वी गाळ उपसण्याचे काम झाले, तेव्हा कोठे लोकांना आपल्या पायांखाली काय आहे याची जाणीव झाली. अशा भूमीत उच्चदाबाची केबल पुरण्यासाठी चर खणावयाचे, रोहित्रासाठी काँक्रीटचे चौथरे घालावयाचे आणि भोवतालची जमीन फरशीने बंद करावयाची, हे नकाशा न पाहता झाले तर सहा शतकांची पाणीव्यवस्था एखाद्या कंत्राटदाराच्या जेसीबीखाली संपेल. हवा स्वच्छ करण्याच्या नावाखाली पाणी घालविणे हा कोणता हिशेब?

परराज्याला शहाणपण शिकविण्याचा हा आव नव्हे. गोव्याची वीज मुख्यतः बाहेरूनच, कोळशाच्या केंद्रांतून येते. तमनार वीजवाहिनीसाठी मोलेच्या अभयारण्यातून नवा पट्टा कापण्याचे घाटत होते. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्याच वाहिनीचा पट्टा वापरण्याचा मार्ग दाखविला. आधी विचारले असते तर इतकी वर्षे गेली नसती.

कलबुर्गीतील वीज वितरण कंपनीने खोदकामाची एकही परवानगी देण्यापूर्वी करेझचे नकाशे पुरातत्त्व खात्याकडून घ्यावेत आणि बोगद्यांवरची व विहिरींभोवतालची जागा पूर्णतः वर्ज्य ठरवावी. चार्जिंग केंद्रांसाठी आळंद, भालकी, बसवकल्याण येथील एस.टी. स्थानकांची आवारे प्रथम निवडावीत. तेथे जमीन आधीच बांधलेली आहे, तुरीचे शेत मोडावे लागणार नाही, आणि छपरावर सौर पत्रे बसविले तर बेचाळीस अंशांच्या उन्हात वाट पाहणाऱ्या उतारूला सावलीही मिळेल. रस्त्याकडेचा वड वा कडुनिंब तोडून मात्र कोणी केंद्र उभारू नये.